जागविणारे पेय आणि निजू देणारे पेय

१८९० च्या ऑक्टोबर महिन्यात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानासाठी जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे मिशनऱ्यांनी चहाचे पेले ठेवले; काहींनी तो चहा घेतला, काहींनी केवळ उपचार म्हणून पेला हाती धरून खाली ठेवला; आणि पुढे उपस्थितांची नावे ‘पुणेवैभव’ पत्रात छापली जाताच त्या पेल्याची फिर्याद शंकराचार्यांच्या पीठापर्यंत गेली, चौकशीसाठी आयोग नेमला गेला, आणि न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्या पुरुषांवर प्रायश्चित्ताचा प्रसंग ओढवला. तो सारा वाद पेय कोणाच्या हातचे आहे याविषयी होता, आणि त्या काळाच्या समजुती पाहता तो तसा असणे साहजिकच होते. त्यानंतरच्या सव्वाशेहून अधिक वर्षांत चहाने आपल्या संसारात असे काही ठाण मांडले आहे की, मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमापासून विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या पूर्वसंध्येपर्यंत कोणतेही कार्य त्याच्यावाचून सुरू होत नाही, आणि चहा न घेणाऱ्या पाहुण्यासच आपण तो का घेत नाही याचा खुलासा करावा लागतो. परंतु त्या पेल्यात नेमके काय असते, ते शरीरात जाऊन काय करते, आणि कोणत्या वेळी कोणापुढे ते ठेवावे, ही चौकशी आपण समाज म्हणून कधी मनावर घेतली नाही. आता नाना देशांच्या वनस्पतींची पेये रंगीत खोक्यांतून आपल्या किराणा दुकानांत येऊन बसली असता ती चौकशी यापुढे लांबणीवर टाकणे योग्य नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, चहाची आपली सवय ही पिढ्यान्‌पिढ्या आपोआप रुजत आलेली गोष्ट नव्हे. मळेवाल्यांच्याच मागणीवरून सरकारने १९०३ साली निर्यात होणाऱ्या चहावर उपकर बसविण्याचा कायदा केला आणि त्या उपकराचा पैसा चहाच्या प्रचाराकडे वळविला. पुढे १९३३ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये निर्यातीवर मर्यादा आल्या आणि मळ्यांतील माल देशातच खपविण्याची निकड निर्माण झाली, तेव्हा गिरण्यांत, बाजारांत आणि रेल्वे स्थानकांवर चहाचे ठेले उभारून, पेले फुकट वाटून, चहा कसा करावा याचे धडे देशी भाषांतील फलकांवर लिहून, लोकांच्या जिभेस ही चव लावण्यात आली. त्याच सुमारास, १९३० साली, आसामात पान चिरडून, फाडून, त्याचे बारीक दाणे करणारे ‘सीटीसी’ यंत्र निघाले, आणि थोड्या भुकटीत अधिक पेले काढणारा, दूधसाखरेपुढेही न दबणारा जो कडक चहा आज आपण चहा म्हणून ओळखतो, तो या यंत्रामुळे गरिबाच्याही आवाक्यात आला. हा इतिहास सांगण्यात चहाची निंदा करावी असा हेतू नाही. एखादी सवय प्रयत्नपूर्वक लावता येते, तर तिच्या शेजारी दुसरी सवयही प्रयत्नाने लावता येईल, एवढाच बोध मला त्यातून घ्यावयाचा आहे.

आता त्या पेल्यातील मुख्य द्रव्याकडे वळू. १८१९ साली फ्रीडलीब रुंगे या तरुण जर्मन रसायनशास्त्रज्ञाने, कविवर्य गटे यांनी कुतूहलाने हाती दिलेल्या कॉफीच्या बियांतून, एक पांढरे, कडू, स्फटिकमय द्रव्य वेगळे काढले, तेच कॅफिन. हे द्रव्य केवळ कॉफीचे नव्हे. आसाम आणि चीन यांच्या डोंगरांतील चहाचे झुडूप, इथिओपियाच्या अरण्यातील कॉफी, पश्चिम आफ्रिकेतील कोला, ॲमेझॉनच्या खोऱ्यातील ग्वाराना, पॅराग्वे आणि अर्जेंटिनाकडील येर्बा माते, एक्वादोरमधील ग्वायुसा, उत्तर अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरील यॉपॉन, अशा एकमेकींपासून हजारो कोस दूर वाढलेल्या वनस्पतींनी हेच द्रव्य आपापल्या देहात घडविले. आणि चहा व कॉफी यांचे तर ते घडविण्याचे मार्गही स्वतंत्रपणे उत्क्रांत झाले आहेत, हे कॉफीच्या जनुकसंहितेच्या २०१४ मधील अभ्यासावरून स्पष्ट झाले आहे. झाडाने हा खटाटोप मनुष्याच्या तरतरीसाठी केलेला नाही. कोवळे पान खाऊ पाहणाऱ्या किडीला हे द्रव्य विष होते, आणि गळलेल्या पानांतून मातीत उतरून ते शेजारच्या बीजांचे अंकुरणही रोखू शकते. त्याच कॅफिनचा अत्यल्प अंश कॉफीच्या आणि लिंबूवर्गीय झाडांच्या फुलांतील मधुरसात असतो, आणि तेवढ्या मात्रेने मधमाशीची त्या फुलाच्या गंधाची स्मृती बळावते, असे २०१३ साली दिसून आले. शत्रूला मारक आणि मित्राला स्मरण देणारे असे हे एकच द्रव्य झाड मात्रेच्या विवेकाने वापरते. तो विवेक आपण मनुष्यांनी पेला भरताना दाखवावयास नको काय?

मनुष्यदेहात या द्रव्याचा अंमल कसा चालतो, हेही समजून घेण्याजोगे आहे. आपण जागे असतो तो तो मेंदूत ॲडिनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते, आणि ते आपल्या ठरलेल्या ठिकाणी जाऊन बसले की आपल्याला ग्लानी येते. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून कोणी जागा धरून ठेवावी, तसे कॅफिन त्या जागा आधीच अडवून बसते; थकवा नाहीसा होत नाही, त्याची वर्दी तेवढी पोचत नाही. निरोगी प्रौढ मनुष्याच्या शरीरातून घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मे निघून जाण्यास सुमारे ५ तास लागतात, गरोदर स्त्रीच्या शरीरात तर याहून पुष्कळच अधिक. म्हणजे संध्याकाळी ६ वाजता कचेरीतून येऊन घेतलेल्या पेल्यातील निम्मा ऐवज रात्री ११ वाजता, अंथरुणावर पाठ टेकताना, अजून अंगात खेळत असतो. निजण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिले असताही झोप तासाहून अधिक घटली, असे २०१३ च्या एका प्रयोगात दिसले. ही मात्रा मोठी आहे, हे खरे. परंतु ज्या घरांत दिवसाकाठी सहा-सात पेले सहज होतात, तेथे ती मुळीच अशक्य नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मे महिन्यात भारतीयांसाठी जी आहारविषयक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तीत या बाबीचा स्वच्छ तपशील आहे. १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम, तितक्याच गाळीव कॉफीत ८० ते १२०, आणि झटपट कॉफीत ५० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते. दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅमची मानावी. आणि जेवणापूर्वी व जेवणानंतर किमान एक तास चहा-कॉफी घेऊ नये, असे ती सांगते. या शेवटच्या सूचनेचे कारण कॅफिन नसून पानातील टॅनिन व तत्सम द्रव्ये होत, जी अन्नातील लोहाला बांधून ठेवतात. भात, बटाटा, पाव अशा साध्या जेवणातील लोहाचे शोषण चहामुळे घटते, हे १९७५ सालीच प्रयोगाने दाखविले गेले होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने पीडित आढळल्या. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत आणि त्याचे सारे खापर चहावर फोडणे अन्यायाचे होईल. तथापि सकाळची भाजी-भाकरी उरकता उरकता, किंवा भाकरीच चहात बुडवून, ज्या असंख्य बाया शेतावर आणि कामावर निघतात, त्यांना ही एका तासाची गोष्ट आजवर कोणी जाऊन सांगितली आहे काय? माझ्या मते आशाताईंच्या घरभेटींत लोहाच्या गोळ्यांबरोबर ही सूचना दिली गेली पाहिजे. तिला खर्च नाही.

येथवर जे सांगितले ते आपल्या नेहमीच्या चहा-कॉफीविषयी झाले. आणि या दोन्हींत काहीतरी उत्तेजक आहे, एवढे तरी सामान्य मनुष्यास ठाऊक असते. खरी फसगत होते ती नव्या मालाच्या बाबतीत. दुकानाच्या फळीवर तुळशीचे, मोगऱ्याचे, मधलिंबाचे चित्र असलेली खोकी ओळीने मांडलेली असतात, प्रत्येकावर ‘निसर्ग’, ‘वनौषधी’, ‘वनस्पतिजन्य’ असे काहीतरी ठळक लिहिलेले असते, आणि झोप येत नाही म्हणून चहा सोडलेला वृद्ध गृहस्थ मोठ्या विश्वासाने त्यांतील एखादे उचलून घरी नेतो. खोके उलटून मागील बाजूची बारीक अक्षरे चष्मा सावरून वाचली, तर घटकद्रव्यांच्या यादीत पुष्कळदा पहिलेच नाव हिरव्या चहाच्या पानांचे असते, म्हणजे ज्या झुडपापासून सुटका करून घेण्याकरिता त्याने हे खोके घेतले त्याच झुडपाचे. तुळस त्यानंतर येते. कॅफिनचे प्रमाण कपामागे किती, हा आकडा शोधावयास गेले तर तो क्वचितच सापडतो. रात्री नऊ वाजता असा पेला घेऊन मध्यरात्री आढ्याकडे पाहत पडलेल्या त्या गृहस्थास आपल्या जागरणाचे कारण आपल्याच उशाशी आहे, हे कसे कळावे?

याहून पुढची पायरी ग्वाराना आणि माते यांची. ब्राझीलमधील सातेरे-मावे जमातीने ग्वारानाची लागवड आणि संस्कार यांची विद्या शतकानुशतके जोपासली. बिया भाजून, कुटून, त्यांची काठी वळून ते ती धुरावर वाळवीत, आणि पिरारुकू नावाच्या प्रचंड माशाच्या अस्थिमय जिभेवर ती किसून पाण्यात कालवून पीत. मातेची पाने धुरावर वाळवून, भोपळ्याच्या पात्रात भरून, नळीने एकाच पात्रातून आळीपाळीने ओढण्याचा शिरस्ता ग्वारानी लोकांचा, आणि आज अर्जेंटिना, उरुग्वे, पॅराग्वे व दक्षिण ब्राझील यांचे सारे सामाजिक जीवन त्या पात्राभोवती गुंफलेले आहे. त्या धुरकट, कडसर, हिरव्या चवीत एका खंडाची मैत्री सामावली आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. या पेयांविषयी मला आदरच वाटतो. ज्यांनी ती घडविली त्यांना ती काय करतात हे पुरते ठाऊक होते. शिकारीच्या आणि कष्टाच्या दिवशी भूक व थकवा आवरून धरावा म्हणूनच ते ती घेत. परंतु त्याच ग्वारानाचा अर्क एखाद्या रंगीत बाटलीत घालून, ग्वारानाच्या बीत कॉफीच्या बीपेक्षाही अधिक कॅफिन असते हे न सांगता, केवळ ‘वनस्पतीची शक्ती’ म्हणून तो शाळकरी मुलांच्या हाती पडू दिला जातो, तेव्हा मूळ जमातीचे ज्ञान मागे राहते आणि नुसती मात्रा तेवढी विकली जाते. चहातील कॅफिनही वनस्पतीचे, कॉफीतीलही वनस्पतीचे. एखादी वस्तू वनस्पतीपासून निघाली, एवढ्याने ती निरुपद्रवी ठरत नाही.

सरकारने या बाबतीत काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे कॅफिनयुक्त पेय म्हणून विकल्या जाणाऱ्या पेयात दर लिटरला १४५ पासून ३०० मिलिग्रॅमपर्यंतच कॅफिन असावयास हवे, आणि मुलांनी, गरोदर व स्तनदा मातांनी ते घेऊ नये असा इशारा त्यावर छापावा लागतो. कॉफीत चिकोरी मिसळली असेल, तर ती ४९ टक्क्यांहून अधिक असता कामा नये, आणि कॉफी किती व चिकोरी किती याची टक्केवारी डब्यावर द्यावीच लागते. आता चिकोरी हे एक भाजलेले मूळ आहे, तीत कॅफिनचा लवलेशही नाही. आणि तरीही ग्राहकाने कॉफीचे दाम मोजून मूळ विकत घेऊ नये, म्हणून कायदा टक्केवारी मागतो. पैशाच्या फसवणुकीविरुद्ध इतकी चोख तरतूद करणाऱ्या कायद्याने झोपेच्या फसवणुकीविरुद्ध मुग्ध का राहावे? पाने, बिया, साली किंवा मुळे उकळून वा भिजवून पिण्यासाठी विकल्या जाणाऱ्या प्रत्येक खोक्यावर, त्यात कॅफिन आहे की नाही, आणि असल्यास सांगितलेल्या रीतीने केलेल्या एका पेल्यात अंदाजे किती मिलिग्रॅम, हे दर्शनी बाजूस छापण्याची सक्ती झाली पाहिजे. पानाच्या जातीप्रमाणे आणि भिजविण्याच्या वेळेप्रमाणे हे प्रमाण बदलते, असा आक्षेप कारखानदार घेतील. पण त्याला उत्तर सोपे आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेने चहाविषयी ३० ते ६५ असे अंतर दिलेच आहे. तसेच अंतर त्यांनी द्यावे.

परंतु केवळ नकाराने कोणतीही सवय सुधारत नाही. संध्याकाळचा चहा सोडा असे सांगणाऱ्याने त्या वेळी त्या हातात काय द्यावयाचे, हेही सांगितले पाहिजे. कारण त्या घटकेला मनुष्यास हवी असते ती ऊब, वाफ, गंध आणि चार माणसांत बसण्याचे निमित्त, आणि कॅफिन हे त्या सगळ्यांबरोबर आलेले असते. गांधीजींनी १९४२ साली पुण्याच्या आगाखान महालात बंदिवासात असताना आरोग्यावर जी छोटी पुस्तिका लिहिली, तीत चहा, कॉफी आणि कोको यांपैकी कशाचीच शरीराला गरज नाही असा निर्वाळा दिला आहे. मी तेथवर जात नाही. सकाळच्या चहाचा आनंद मला मान्य आहे, आणि दुपारी राबणाऱ्या माणसाच्या हातातील पेला हिसकावण्याचा अधिकार कोणासही नाही. माझे म्हणणे दिवस कलल्यानंतरच्या पेल्याविषयी आहे, आणि त्या पेल्यासाठी आपल्या परसात, आपल्या मिसळणाच्या डब्यात, आपल्या शेताच्या बांधावर जे आहे, त्याची किंमत आपण ओळखलेली नाही, याविषयी आहे.

गवती चहाचेच पाहा. विहिरीच्या काठी, न्हाणीच्या पाण्याच्या पाटाला, कोकणात तर घराघराच्या मागे याचे ठोंब माजलेले असते, आणि पावसाळ्यात मंडईत भाजीवाल्या मावशी आल्याच्या तुकड्यासह याची जुडी कोथिंबिरीच्या शेजारी अगदी अल्प दामात देतात. पातीची कड इतकी धारदार असते की, ती उलटी ओढली तर बोट कापते. म्हणून जाणत्या बाया पात मुळाकडून टोकाकडे हात फिरवीत पुसून घेतात, तिची दुमडून गाठ मारतात आणि ती गाठ पातेल्यात टाकतात, म्हणजे गाळताना तंतू आड येत नाहीत. या पातीतील मुख्य सुगंधी द्रव्य सिट्रल होय. लिंबाच्या सालीतही तेच असते, आणि म्हणूनच हिच्या वासात लिंबाची ओळख असते पण आंबटपणा नसतो. आपण काय करतो? ही पात चहाच्या भुकटीबरोबर, आल्याबरोबर, दुधाबरोबर दहा मिनिटे खळखळा उकळतो, आणि तिचा जो बाष्पशील गंध आहे तो स्वयंपाकघरभर उडून गेला की उरलेला गाळून पितो. त्याऐवजी पाणी उकळून आचेवरून खाली घ्यावे, मग पात त्यात सोडावी, वर झाकण ठेवून सहा-सात मिनिटे वाट पाहावी, आणि दूध न घालता, हवा तर गुळाचा लहानसा खडा घालून, ते पाणी गाळून घ्यावे. फिकट पोपटी-पिवळ्या रंगाच्या त्या पेल्यास प्रथम लिंबाचा, मागाहून किंचित आल्याचा, आणि गिळल्यावर घशात ओल्या गवताचा असा तिपदरी स्वाद असतो, आणि चहाच्या भुकटीखाली तो आजवर दडपला गेला होता हे पहिल्याच घोटाला कळते. त्यात कॅफिन मुळीच नाही.

गोव्यात आणि कोकणपट्टीवरील सारस्वत घरांत धने, जिरे, बडीशेप, मिरे भाजून, भरड कुटून, गुळाबरोबर उकळून जे कषाय करतात, तेही असेच स्वयंपूर्ण पेय आहे. धन्याच्या दाण्यात लिनलूल नावाचे जे सुगंधी द्रव्य प्रामुख्याने असते, तेच उत्तम चहाच्या सुवासातही असते, आणि बहुधा यामुळेच चहाची सवय असलेल्या जिभेला कषाय परके वाटत नाही. दूध घालून ते मुलांनाही निर्धास्तपणे देता येते. सुंठ आणि गूळ यांचे कढत पाणी, ओव्याचे पाणी, पुदिन्याच्या पानांवर नुसते उकळते पाणी ओतून केलेले पेय, ही घरोघरी माहीत आहेत. मात्र कोणी आजारी पडल्याखेरीज ती चुलीवर चढत नाहीत, हीच त्यांची शोकांतिका.

विदर्भ-मराठवाड्यातील लाल अंबाडीची कथा तर याहून खेदजनक आहे. अंबाडीची आंबट भाजी आपण भाकरीबरोबर आवडीने खातो; पण त्याच झाडाची ती गडद तांबडी, मांसल बोंडे, जी वाळवून पाण्यात घातली असता माणकासारखा रंग आणि डाळिंबाच्या जवळ जाणारी आंबट चव देतात, ती बांधावर वाळून जातात. इजिप्त आणि सुदानमध्ये याच बोंडांचे ‘कर्कदे’ लग्नसमारंभात आदराने देतात. सेनेगलमध्ये त्याला ‘बिसाप’ म्हणतात. मेक्सिकोत ते भर उन्हाळ्यात थंड करून घागरीच्या घागरी खपते. आपल्या शहरांतील उपाहारगृहे हीच बोंडे परदेशी नावाने, परदेशी खोक्यातून, भरमसाट दराने गिऱ्हाइकापुढे ठेवतात, आणि यवतमाळ किंवा नांदेडच्या शेतकऱ्याला आपल्या बांधावर काय उगवले आहे याची खबरही नसते. अशी खबर त्याच्यापर्यंत पोचविणे हे कृषी विद्यापीठांचे काम आहे, आणि ते त्यांनी ताबडतोब हाती घ्यावे.

येथे एक सावधगिरीची सूचना मला आवर्जून द्यावीशी वाटते. ही पेये मी पेये म्हणून सुचवीत आहे, औषधे म्हणून नव्हे. २०२० च्या साथीत आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरे, सुंठ आणि मनुका यांचा काढा दिवसातून एक-दोनदा घेण्यास सांगितले, आणि भयभीत झालेल्या लोकांनी एकाचे चार केले, त्यांत आपापल्या माहितीची आणखी चार मुळे घातली. पुढच्याच वर्षी मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याचे वृत्त वैद्यकीय नियतकालिकात दिले. मंत्रालयाने तो निष्कर्ष अमान्य केला, आणि त्या वादाचा निवाडा करणे हे माझे काम नाही. ज्येष्ठमधाविषयी मात्र वाद नाही: त्यातील ग्लिसरायझिन नित्य व भरपूर पोटात गेले तर रक्तदाब चढतो आणि शरीरातील पोटॅशियम घटते, म्हणून रक्तदाबाच्या रोग्याने गोड चवीच्या मोहाने ते रोज घेऊ नये. ज्या खोक्यावर मधुमेहापासून वजनापर्यंत सर्व व्याधींवर रामबाण असल्याचा दावा असेल, ते खोके परत फळीवर ठेवावे. चव चांगली आहे, ऊब मिळते, झोप मोडत नाही, या तीन गोष्टी एखाद्या पेयाची शिफारस करण्यास मला पुरेशा वाटतात.

चहावर लाखो लोकांचे पोट आहे, मळ्यांतील मजुरापासून नाक्यावरच्या टपरीवाल्यापर्यंत, तेव्हा अशा प्रचाराने त्यांच्या रोजीवर गदा येईल, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. टपरीवाला ज्या स्टोव्हवर चहा उकळतो, त्याच स्टोव्हवर गवती चहाचे पाणी उकळू शकते, आणि त्यात दूध लागत नसल्याने त्याला ते अधिक किफायतशीरच पडेल. दक्षिण आफ्रिकेतील सेडरबर्ग डोंगरांत रूइबॉस नावाचे झुडूप केवळ तेथेच वाढते. तेथील खोई आणि सान लोक त्याच्या बारीक फांद्या तोडून, ठेचून, पाणी शिंपडून ढीग लावीत, आणि तांबूस रंग चढला की उन्हात वाळवीत. कॅफिनचा अंशही नसलेले ते गोडसर, तांबडे पेय आज जगभर जाते. २०१९ मध्ये तेथील उद्योगाने मूळ ज्ञान ज्यांचे, त्या खोई व सान समाजांना शेतावरील खरेदीच्या दराच्या दीड टक्का देण्याचा करार केला, आणि २०२१ मध्ये युरोपीय संघाने त्या नावाला भौगोलिक संरक्षण दिले. डोंगराच्या एका कोपऱ्यातील झुडपाला जर ही प्रतिष्ठा लाभू शकते, तर कोकणातील गवती चहा आणि वऱ्हाडातील अंबाडी यांच्या नशिबी मसाल्याची आणि भाजीचीच जागा का असावी?

यास्तव माझी विनंती दोन ठिकाणी आहे. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी, ज्यांनी १९७५ पासून ग्राहकांच्या हक्कासाठी झगडा दिला आहे, पेल्यामागे कॅफिन किती हे दर्शनी बाजूस आणि मराठीतही छापले जावे, अशी रीतसर दरखास्त अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे करावी आणि तिचा पाठपुरावा सोडू नये. आणि गावोगावच्या ज्या बचत गटांतील भगिनी गवती चहा, अंबाडी, सुंठ वाळवून पुड्या करून विकतात, त्यांनी कायद्याची वाट न पाहता आजच आपल्या पुडीवर ‘यात चहाची पाने नाहीत’ ही एक ओळ ठळक अक्षरांत छापावी. रात्री झोप हवी असलेले गिऱ्हाईक ती ओळ पाहून पुडी उचलील.